यमकाचे स्थान : बालकवींची ‘श्रावणमास’

प्राचीन कन्नड काव्यात प्रास प्रत्येक चरणाच्या दुसऱ्या अक्षरावर येई. मंजेश्वर गोविंद पै यांनी १९११ साली हे बंधन त्यागले. १९१५ साली बेंगळुरूत कन्नड साहित्य परिषद स्थापन झाली, तेव्हा कन्नड कविता नवे वळण घेत होती. मराठीत याच काळात बालकवी (१८९०–१९१८) लिहीत होते. ‘श्रावणमास’मधील ओळ आठ, आठ, आठ, सहा अशी तीस मात्रांची, अंत्ययमक दोन ओळींना जोडते. सम आवर्तनांतून दृश्ये सरींसारखी धावतात आणि आखूड अखेरच्या खंडात, यमकावर, विसावतात. प्रासाची सक्ती असती, तर कन्नड अनुवादकाची शब्दनिवड चरणारंभीच अडकली असती. ती सुटल्यामुळेच हा अखेरचा विसावा त्याला जपता येतो.