उत्तर बरोबर, पण आधार कुठला?

बडोद्याच्या आठवणींत आज एक अमेरिकन परीक्षा आणतोय, रागावू नका.

२०१८ च्या सुट्टीत न्यू जर्सीची नात दांडिया बाजारातल्या घरी आली होती. एसएटीचा सराव चालू होता. तिकडे कॉलेज प्रवेशासाठी ही परीक्षा देतात, १९२६ पासूनची आहे. मधमाश्यांवरच्या उताऱ्याचा एक प्रश्न तिने झटकन सोडवला. लगेच पुढचा प्रश्न: मागच्या उत्तराला सगळ्यात चांगला आधार कुठल्या ओळींत आहे? खाली उताऱ्यातल्याच ओळींचे चार पर्याय. एकही तिच्या उत्तराला धरून नव्हता. "आबा, हे आम्हाला बायोलॉजीत शिकवलंय!" असेल गं, पण उताऱ्यात कुठंय? दहा मिनिटं धुसफुसून तिने पहिलं उत्तर खोडलं.

आम्हीही शाळेत उतारे सोडवले, पण मास्तर "तुमच्या शब्दांत लिहा" म्हणायचे. ओळ दाखव असं कुणी म्हटलं नाही.

हे जोडप्रश्न तेव्हा नवेच होते. कॉलेज बोर्डाचे प्रमुख डेव्हिड कोलमन यांनी मार्च २०१४ मध्ये बदल जाहीर केले, मार्च २०१६ पासून ते लागू झाले. वाचनाला ६५ मिनिटं, ५२ प्रश्न. पहिलं चुकलं की दुसरंही बहुधा जायचं. मग पोरांनी युक्ती काढली: आधी दुसऱ्या प्रश्नातल्या ओळी वाचायच्या, मग पहिल्याचं उत्तर. बॅलन्स जुळला नाही की आम्ही फरकाच्या आकड्यावरून उलटं शोधत जायचो, अगदी तसं.

मला मात्र माझीच एक फाईल आठवली. शाखेत असताना एका कारागिराच्या कर्जाची शिफारस केली होती. माणूस पक्का माहितीतला. ऑडिटर म्हणाले, "साहेब, हे फाईलमध्ये कुठे लिहिलंय?" कुठेच नव्हतं. त्याने पै न पै फेडली, पण शेरा राहिला आणि माझं प्रमोशन वर्षभर लांबलं. नातीला तेव्हा हे सांगितलं नाही. आज लिहितोय.

२०२३ पासून भारतात आणि २०२४ पासून अमेरिकेत ही परीक्षा संगणकावर गेली. आता छोटे उतारे, प्रत्येकाखाली एकच प्रश्न. आधार अजून विचारतात, पण त्या जोड्या गेल्या. धाकट्या नातवाला त्या दाखवल्या तर म्हणाला, "आबा, हे ताईच्या वेळचं."