गोंगाट, कान आणि हेडफोन

गोंगाट गिळणारे हेडफोन विकत घ्यावेत काय, असा प्रश्न एका तरुण यंत्रमाग कामगाराने आम्हांस युनियनच्या कचेरीत विचारला. मागाच्या खडखडाटाने त्याचे कान संध्याकाळी गुणगुणतात. या वस्तूची किंमत दोन-तीन हजारांपासून तीस हजारांच्या पुढेही जाते. म्हणजे कित्येकांचा महिन्याचा पगार. तेव्हा उत्तर देण्यापूर्वी ही वस्तू कोणासाठी जन्मास आली, हे पाहणे अगत्याचे आहे.

कामाने कान जातात, ही गोष्ट जुनी आहे. इटलीतील वैद्य रामाझ्झिनी याने अठराव्या शतकाच्या आरंभी व्हेनिसच्या तांबटांविषयी लिहून ठेवले की, तांबे ठोकता ठोकता ते बहिरे होतात. १८८६ साली ग्लासगोचे डॉक्टर टॉमस बार यांनी बॉयलर बांधणाऱ्या शंभर कामगारांचे कान तपासले. एकाचीही श्रवणशक्ती शाबूत निघाली नाही. बार यांनी आणखी एक गोष्ट विचारली होती : जाहीर सभेतले भाषण तुम्हांस ऐकू येते काय? बहुतेकांना ते कष्टाने ऐकू येई किंवा मुळीच येत नसे. आम्हांस हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. मागावर उमर घालविलेली माणसे पुढच्या रांगेत बसून, शेजाऱ्याचा हात वर गेलेला पाहून आपला हात वर करताना आम्ही पाहिली आहेत. ठराव कशाचा, हे त्यांना घरी जाऊन विचारावे लागे.

आता ध्वनीनेच ध्वनी मारण्याची युक्ती पाहू. ती जर्मनीच्या पाउल ल्यूग याची. त्याने १९३३ साली जर्मनीत अर्ज केला आणि १९३६ साली त्याला अमेरिकेत पेटंट मिळाले. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबाचा चढउतार. चढ येईल त्याच क्षणी तितकाच उतार समोर घातला, की बेरीज शून्याजवळ येते. कागदावर हे सोपे; परंतु तितक्या चपळाईने उलट लहर उठविणारी साधने तेव्हा नव्हती. पुढे १९७८ साली अमर बोस झुरिकहून अमेरिकेस परतत होते. ब्रिटिश सरकारच्या रोषामुळे कलकत्त्याहून अमेरिकेत गेलेल्या एका देशभक्ताचे हे चिरंजीव. विमानातल्या हेडफोनमधील संगीत इंजिनाच्या घरघरीत बुडालेले पाहून त्यांनी प्रवासातच गणित मांडले. १९८६ साली कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या ‘व्हॉयेजर’ विमानाच्या वैमानिकांनी त्यांचे नमुने वापरले. १९८९ साली ही वस्तू वैमानिकांसाठी आणि २००० साली सामान्य गिऱ्हाइकांसाठी बाजारात आली.

म्हणजे आधी वैमानिक, मग प्रवासी. विणकराचा विचार करून ती घडलेली नाही, आणि तिचे गुणही तसेच आहेत. विमानाची, बसची, पंख्याची एकसुरी खर्जातली घरघर ती उत्तम दाबते. धोट्याचा खटका किंवा हातोड्याचा घाव अचानक येतो, उंच सुरात येतो; तेथे उलट लहर अपुरी पडते आणि कानावरच्या गादीचीच काय ती मदत होते. शिवाय बाजारातले बहुतेक संगीताचे हेडफोन कर्णरक्षक म्हणून प्रमाणित नसतात, आणि वर गाणे मोठ्याने लावले तर कानावरचा भार उलट वाढतो.

म्हणून आमचे उत्तर दुहेरी आहे. रोज दूरच्या प्रवासाला जाणाऱ्याने, ऐपत असल्यास, जरूर घ्यावेत. त्यात चैन नाही, विश्रांती आहे. त्या तरुणाला मात्र आम्ही नको म्हटले. त्याला हवेत ते कानात घट्ट बसणारे प्रमाणित बोळे किंवा कानटोप. ते फार स्वस्त असतात आणि त्यांचा खर्च मालकाने करावयाचा असतो. त्याच्याही आधी यंत्राचा आवाज कमी करावयाचा, सैल भाग आवळावयाचे, कामाच्या तासांची पाळी बदलावयाची. कारखाने कायद्यातील कळवावयाच्या रोगांच्या यादीत गोंगाटाने येणारे बहिरेपण पुढे दाखल झाले, ते कामगाराने पगारातून हेडफोन घ्यावेत म्हणून नव्हे.

तो तरुण पुढच्या सभेला आला. त्याने कानाच्या तपासणीची मागणी मांडली, आणि मागच्या रांगेतल्यांना ऐकू येईना म्हणून ती दोनदा वाचावी लागली.