पंडिता रमाबाई ह्यांचा शोक व त्यांची सदने

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) ह्यांच्याविषयी मराठीत जे लिहिले गेले आहे त्याचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील लेखकांस त्यांची संस्कृत विद्वत्ता, कलकत्त्यास पंडितसभेने केलेला त्यांचा गौरव व स्त्रीशिक्षणाचा त्यांनी उचललेला भार ह्यांचे कौतुक वाटते. परंतु १८८३ साल आले की त्यांची लेखणी अडखळते. दुसऱ्या वर्गाचे लेखक नेमके त्याच सालापासून आरंभ करतात, आणि त्यापूर्वीचे पंचवीस वर्षांचे आयुष्य त्यांस केवळ प्रस्तावनेसारखे भासते. पहिल्यांच्या मते बाईंनी धर्म सोडला. दुसऱ्यांच्या मते बाईंस धर्म सापडला. दोन्ही पक्षांत एक गोष्ट मात्र समान आहे. बाईंच्या घरात जे मृत्यू झाले त्यांची नोंद दोघेही तारखेपुरतीच घेतात व पुढे जातात. आम्हीही शाळेत बरीच वर्षे मुलांस हे चरित्र असेच शिकविले. प्रस्तुत लेखात त्या मृत्यूंकडेच लक्ष द्यावयाचे योजिले आहे. कारण साधने बारकाईने पाहता, बाईंची श्रद्धा व त्यांचे कार्य ह्यांना जोडणारा धागा तेथेच सापडतो असे आम्हास वाटते.

प्रथम कुलवृत्तान्त. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे रामचंद्रशास्त्री साठे ह्यांचे शिष्य. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीस संस्कृत शिकवीत, हे अनंतशास्त्र्यांनी विद्यार्थिदशेत पाहिले, आणि आपणही आपल्या पत्नीस शिकवावे असे त्यांनी मनात घेतले. द्वितीय पत्नी लक्ष्मीबाई ह्यांच्या बाबतीत हा निश्चय तडीस गेला. लोकापवादास कंटाळून हे दांपत्य सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात जाऊन राहिले, व तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. पुढे सर्व कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. शास्त्रीबोवांनी पुराण सांगावे, मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करावा, आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. वडिलांचे वय झाले असल्यामुळे रमाबाईंना भागवत पढविले ते आईने. ह्या घरात मुलीचे शिक्षण ही पित्याची इच्छा व मातेचे श्रम ह्या दोहोंचे फळ होते, हे ध्यानात ठेवावयास हवे.

१८७४ पासून दक्षिणेत अवर्षणाने जो काळ ओढवला त्यात हे कुटुंब मोडले. रमाबाईंनी १८९७ साली आपले दुष्काळाचे अनुभव लिहून प्रसिद्ध केले. आमच्या मते हे टिपण चरित्राच्या साधनांत अग्रस्थानी बसण्याच्या योग्यतेचे आहे. पैसा संपला, भांडीकुंडी विकली गेली, अन्न मिळेना. तेव्हा सर्वांनी अरण्यात जाऊन झाडपाल्यावर काही दिवस काढले. वार्धक्याने दृष्टी गेलेल्या शास्त्रीबोवांनी शेवटी पवित्र जलाशयात देह ठेवण्याचे ठरविले व मुलांचा निरोप घेतला. त्या वेळी थोरले बंधू श्रीनिवासशास्त्री पुढे झाले, आणि आपण मोलमजुरी करू, त्यात कमीपणा मानणार नाही, असे त्यांनी सांगितले. तेवढ्यावर तो बेत राहिला. पुराणिकाच्या मुलाने मजुरीस जाणे ही त्या काळच्या समजुतीप्रमाणे लहान गोष्ट नव्हती. पाच जिवांचे मोल वर्णाच्या अभिमानाहून अधिक आहे, हा निर्णय त्या अरण्यात एका भुकेल्या तरुणाने घेतला, आणि त्याची साक्षी एक पंधरासोळा वर्षांची मुलगी होती.

परंतु निर्णय उशिरा झाला. वडील थोड्याच दिवसांत गेले. पाठोपाठ आई गेली. आईच्या अखेरच्या दुखण्यात रमाबाई शेजारच्या एका गृहिणीकडे बाजरीची भाकरी मागावयास गेल्या. लाजेने तोंडातून शब्द फुटेना. भाकरी मिळाली, पण आईस ती खाण्याची शक्ती उरली नव्हती. प्रेत न्यावयास माणसे मिळेनात. दोघा ब्राह्मणांस दया आली, तिसरे श्रीनिवासशास्त्री, चौथ्या रमाबाई स्वतः. उंची कमी असल्याने तिरडीचे आपल्या बाजूचे टोक त्यांनी डोक्यावर घेतले व स्मशान गाठले. पुढे थोरली बहीण कृष्णाबाई वारली. उरलेली दोन भावंडे पायी हिंदुस्थान तुडवीत १८७८ त कलकत्त्यास पोचली. तेथे ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या मिळाल्या. पण १८८० साली श्रीनिवासशास्त्रीही निवर्तले. त्याच वर्षी बाईंनी बिपिनबिहारी मेधावी ह्यांच्याशी विवाह केला. १६ एप्रिल १८८१ रोजी कन्या मनोरमा जन्मली, आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पतीचा पटकीने अंत झाला. अवघ्या आठ वर्षांत आईबाप, बहीण, भाऊ व पती असे पाच मृत्यू. शिल्लक राहिली ती दहा महिन्यांची मुलगी.

येथून पुढील कालक्रम सर्वश्रुत आहे. बाई पुण्यास आल्या. जून १८८२ त ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध झाली. १८८३ त त्या इंग्लंडास गेल्या. तेथे वॉन्टेज येथील मठात त्यांच्या सोबतीण आनंदीबाई भगत ह्यांनी स्वहस्ते प्राणत्याग केला, आणि त्यानंतर लवकरच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. हा निर्णय दुःखाने खचलेल्या मनाची शरणागती होय असे काहींनी लिहिले आहे. हे मत आम्हास ग्राह्य वाटत नाही. १९०७ साली लिहिलेल्या ‘माझी साक्ष’ ह्या निवेदनात बाईंनी कारणे दिली आहेत, ती दोन प्रकारची आहेत. बुद्धीच्या शंका फिटल्या त्या नीळकंठशास्त्री गोरे ह्यांच्या पत्रांनी. परंतु मन वळले ते फुलहॅम येथील एका आश्रमात. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची तेथील भगिनी सेवा करीत होत्या. अशा स्त्रियांवर इतकी माया कोणी का करावी, असे बाईंनी विचारले, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. अर्थात बाईंनी नव्या धर्मात स्वतःच्या दुःखाचे सांत्वन तेवढे शोधले नाही. टाकलेल्या जिवाला मोल देणारी करुणा कोठे आहे, हा त्यांचा प्रश्न होता. हा प्रश्न ज्या मुलीने आईची तिरडी डोक्यावर वाहिली तिलाच पडण्यासारखा होता.

श्रद्धा स्वीकारली म्हणून बुद्धी गहाण पडली, असेही झाले नाही. सिस्टर जेराल्डीन ह्यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला आहे. मनोरमेस कोणते धर्मशिक्षण द्यावे ह्यावरून त्यांत कडक मतभेद आहेत. आपणास जे पटले नाही ते आपल्या मुलीस परक्यांनी पढवू नये, हा आईचा हक्क बाईंनी सोडला नाही. त्याचप्रमाणे, वडिलांचा धर्म सोडला तरी वडिलांची निंदा त्यांनी कधी केली नाही. उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरील आपला १८८७ चा इंग्रजी ग्रंथ त्यांनी आईच्या स्मृतीस अर्पण केला. ‘माझी साक्ष’ चा आरंभ मातापित्यांच्या आदरपूर्वक स्मरणानेच होतो. धर्मांतर म्हणजे कुलाचा उच्छेद, ही जी समजूत दोन्ही पक्षांत रूढ आहे तिला हा पुरावा बाधक आहे.

आता मुख्य मुद्दा. बाईंनी एकामागून एक जी घरे उभारली त्यांची नावे ओळीने वाचावी. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांकरिता शारदा सदन निघाले. पुढे अण्णासाहेब कर्वे ह्यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई तेथल्या आरंभीच्या विद्यार्थिनी. त्यानंतर केडगाव येथे दुष्काळात सापडलेल्या मुलींकरिता मुक्तिसदन; पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांकरिता कृपासदन; वृद्ध व निराधार स्त्रियांकरिता प्रीतिसदन; अंधांकरिता बार्तीमी सदन, ज्याला शुभवर्तमानातील आंधळ्या भिकाऱ्याचे नाव दिलेले आहे. ही यादी समोर ठेवून मागील वृत्तान्त आठवावा. वैधव्य, भूक, निराश्रित म्हातारपण, अंधत्व: जी जी आपत्ती ह्या कुटुंबावर आली तिच्यासाठी केडगावास अथवा त्यापूर्वी एक दार उघडले गेले. श्रीनिवासशास्त्र्यांचा तो शब्दही तेथे वाया गेला नाही. मुक्तिसदनातील मुली शेती करीत, माग चालवीत, तेलाचा घाणा पाहत, छापखान्यात खिळे जुळवीत. हाताच्या कामात कमीपणा मानावयाचा नाही हा तेथील नियम होता.

पुराव्याची प्रतवारी करणे हे आमचे कर्तव्य आहे. मुक्तिसदनाविषयी पुरावा प्रत्यक्ष आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात बाई मध्यप्रांतात गेल्या व तेथील मदतकेंद्रांतून सुमारे ३०० मुली आणण्याचा त्यांनी संकल्प केला, तो स्वतःच्या भुकेची आठवण होऊन, असे त्या स्वतःच लिहितात. कृपासदनाचे मूळ फुलहॅमच्या आश्रमात आहे, हे ‘माझी साक्ष’ वाचणाऱ्यास सांगावयास नको. उरलेल्या दोन सदनांबद्दल मात्र आमचे केवळ अनुमान आहे. तथापि पाचांपैकी तीन ठिकाणी ज्या वाटेने पुरावा नेतो ती वाट उरलेल्या दोन ठिकाणी अगदीच निराळी असेल असे मानणे कठीण.

ह्यावर एक आक्षेप येईल. ही सर्व सदने धर्मप्रसाराची साधने होती. १८९३ साली ह्याच कारणाने पुण्यात वादळ उठले व न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर ह्यांच्यासारख्या हितचिंतकांनीही शारदा सदनाच्या सल्लागारपणाचे राजीनामे दिले. ही वस्तुस्थिती आम्ही लपवीत नाही, आणि केडगावची संस्था तर उघडपणे ख्रिस्ती होती. वादाचा निवाडा करणे ह्या लेखाचे प्रयोजन नव्हे. इतकेच म्हणावयाचे आहे की १९०० च्या सुमारास केडगावात दीड हजार जीव राहत होते, आणि त्यांतील बहुसंख्य मुली दुष्काळाच्या तोंडातून आलेल्या होत्या. त्या कोणत्या धर्मात वाढल्या ह्याची चर्चा आपण करू शकतो, ह्याचे कारण त्या वाढल्या.

शेवटचा मृत्यू सांगावयाचा राहिला. मनोरमाबाई मोठ्या होऊन आईच्या कार्यात तिचा उजवा हात झाल्या होत्या. पुढे संस्था त्यांनीच चालवावी अशी योजना होती. २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्या निवर्तल्या. सहा जणांच्या प्रेमातून जी एकच खूण उरली होती तीही गेली. ह्या वेळी बाईंनी नवे सदन काढले नाही. तेवढे आयुष्य उरले नव्हते. हाती होते ते बायबलचे मराठी भाषांतर. मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून, जिने संस्कृतात सभा जिंकल्या त्या बाईने हे भाषांतर खेड्यातल्या बायकांना समजेल अशा साध्या मराठीत चालविले होते. ते त्यांनी पुरे केले. ५ एप्रिल १९२२ रोजी, कन्येच्या मागून साडेआठ महिन्यांच्या आतच, त्यांनी देह ठेवला. ग्रंथ १९२४ साली बाहेर आला.

ह्या लेखाची टाचणे काढीत असता आमच्या गृहिणीचे देहावसान झाले, व कागद सात महिने बांधलेलेच राहिले. सोडले तेव्हा प्रथम हाती आले ते १८८२ चे टाचण: फेब्रुवारीत पतीचा मृत्यू, जूनमध्ये पुस्तक. पूर्वी ह्या दोन तारखांतील अंतर आम्ही केवळ मोजले होते. त्या चार महिन्यांत तान्ह्या मुलीस निजवून लेखणी हाती घेणे म्हणजे काय, हे आता थोडे कळते. आम्ही बाईंच्या धर्माचे नाही. परंतु गेलेल्या माणसांचे ऋण जिवंत माणसांच्या ठायी फेडावयाचे असते, ही गोष्ट आमच्या स्मृतिग्रंथांतून जितकी आम्ही शिकलो तितकीच ह्या चरित्रातून शिकलो, असे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल.

अखेरीस एक विनंती. मुक्तिसदनात वाढलेल्या मुलींची लेकरे-नातवंडे आज महाराष्ट्रात व गुजरातेत ठिकठिकाणी असतील. त्यांच्या घरी जुनी पत्रे, प्रार्थनेच्या वह्या, दुष्काळातील एखादी आठवण कोणी लिहून ठेविली असल्यास ती जपावी, व तिची नक्कल संशोधकांस मिळू द्यावी. संस्थेचा इतिहास तिच्या अहवालांत सापडतो. त्या मुलींनी आपले पुढचे संसार कसे उभे केले, तो इतिहास घरोघरीच्या पेट्यांत आहे.