मधाचे बोट

नवी मुंबई हे तसे तरुण शहर. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडे घरे नवी, रस्ते नवे, शेजारीही नवे झाले. पण पावसाळ्यात पोराला खोकला लागू द्या, नेरूळच्या चौथ्या मजल्यावरसुद्धा औषध निघते ते जुनेच : आल्याचा रस आणि मध! वाचकहो, या चमचाभर मधाला केवढा इतिहास आहे, पाहा.

चरकाने मधाच्या चार जाती सांगितल्या, सुश्रुताने आठ. आपल्या वैद्यांनी मधाला औषध तर मानलेच, शिवाय अनुपान मानले. अनुपान म्हणजे औषधासोबत घ्यायचा पदार्थ. सितोपलादी चूर्णच घ्या. खडीसाखर 16 भाग, वंशलोचन 8, पिंपळी 4, वेलची 2 आणि दालचिनी 1. हे कोरडे चूर्ण नुसते तोंडात टाकले तर ठसकाच लागायचा! मधात कालवले की त्याचे चाटण होते आणि ते घशावरून सावकाश उतरते. मध तापवू नये, हाही जुना दंडक. म्हणून जाणती बाई आल्याचा किंवा अडुळशाचा रस आधी काढते आणि मध मागाहून घालते.

पण हा मध यायचा कुठून? रानातून. धूर करून मोहोळ उतरवायचे आणि पोळे पिळायचे. त्यात मेण, अळ्या, सारेच येई. 1851 साली अमेरिकेत लँगस्ट्रॉथ यांनी सुट्या चौकटींची पेटी काढली, 1865 साली रुश्का यांनी पोळे न मोडता मध काढण्याचे यंत्र दाखवले, आणि चित्र पालटले. आपल्याकडे महाबळेश्वरच्या डोंगरात सातेरी माशी पेटीत नांदू लागली, 1962 साली पुण्यात मधमाश्यांची मध्यवर्ती संशोधन संस्था निघाली, आणि 2022 साली महाबळेश्वरजवळचे मांघर ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले.

आता कुणी विचारील, की याने खोकला खरोखर थांबतो का? 2007 साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या डॉक्टरांनी सर्दीखोकल्याच्या 105 मुलांवर प्रयोग केला. काहींना झोपण्यापूर्वी मध दिला, काहींना खोकल्याचे नेहमीचे औषध, काहींना काहीच नाही. मध घेतलेल्या मुलांचा रात्रीचा खोकला काहीच न घेतलेल्यांपेक्षा चांगला उतरला. आजीची बाजू खरी ठरली म्हणायची!

पण एका बाबतीत आजीचे ऐकता येत नाही. जन्मलेल्या बाळाला मध आणि तूप चाटवण्याचा संस्कार मनुस्मृतीइतका तरी जुना आहे. बाळगुटीही कित्येक घरांत मधातूनच देतात. 1976 साली कॅलिफोर्नियात तान्ह्या मुलांचा एक आजार ओळखू आला. त्यात बाळाला शौचाला होत नाही, रडणे क्षीण होते, अंग लुळे पडते आणि श्वासही अडू शकतो. त्याचे जंतू बीजरूपाने मधात असू शकतात, हे पुढे कळले. मोठ्यांच्या आतड्यात ती बीजे रुजत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात रुजतात. मध घरचा असो, रानचा असो, शुद्ध असो, धोका तोच. उकळल्यानेही ती बीजे मरतील याचा भरवसा नाही. तेव्हा बाळाला वर्ष पुरे होईपर्यंत मधाचे बोटसुद्धा नको. सोन्याने नको, गुटीतून नको, बारशालाही नको.

आणखी एक. चरकाने सितोपलादी सांगितले ते राजयक्ष्म्याच्या, म्हणजे क्षयाच्या प्रकरणात. त्या काळी वैद्याच्या हाती तेवढेच होते. आज क्षय औषधांनी बरा होतो, आणि ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. म्हणून खोकला दोन आठवडे हटला नाही, सोबत ताप आला, वजन उतरले किंवा रक्त पडले, तर चाटण बाजूला ठेवून थुंकी तपासून घ्यावी.

मधाचे बोट लावणे म्हणजे गोड बोलून आशेवर ठेवणे, असे आपली भाषा म्हणते. साध्या खोकल्याला मध जरूर द्या. पण दुखणे मोठे असेल, तर त्याला मधाचे बोट लावीत बसू नका.