शिरगणतीतून निघालेली विद्याशाखा

स्त्री-अभ्यास हा विषय परदेशी पुस्तकांबरोबर इथे आला, असे अनेकांना वाटते. भारतातली त्याची कुळकथा मात्र सरकारी दप्तरात सुरू होते.

संयुक्त राष्ट्रांनी सदस्य देशांकडे स्त्रियांच्या स्थितीचा अहवाल मागितला होता. त्या निमित्ताने केंद्र सरकारने १९७१मध्ये एक समिती नेमली. फुलरेणू गुहा तिच्या अध्यक्ष होत्या. सदस्यांत मुंबईच्या कामगार चळवळीतल्या मणिबेन कारा, मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे आणि कायद्याच्या प्राध्यापक लतिका सरकार होत्या. पुढे वीणा मजुमदार सदस्य-सचिव झाल्या. यातल्या बहुतेकींनी शिक्षण, नोकरी, मतदान या वाटांनी मिळणारी प्रगती स्वतः अनुभवली होती. राज्यघटनेने समता दिली, आता काळाचा प्रश्न, असाच त्या पिढीचा समज होता.

जनगणनेच्या तक्त्यांनी तो मोडला. १९०१मध्ये हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या. १९७१मध्ये ९३० उरल्या. कमावत्या कामांतला बायकांचा वाटाही घसरत चालला होता. १९७४च्या अखेरीस तयार झालेल्या ‘टुवर्ड्‌स इक्वॅलिटी’ या अहवालाने हे सारे एकत्र मांडले. विधिमंडळांत स्त्रियांना राखीव जागा असाव्यात, हे लतिका सरकार आणि वीणा मजुमदार यांचे मत मात्र बहुमताला पटले नाही. त्यांना भिन्नमतपत्रिका जोडावी लागली.

या अहवालाने विद्यापीठांना अडचणीत पकडले. पन्नास-साठ वर्षे हे आकडे छापील उपलब्ध होते. मग अर्थशास्त्र, समाजशास्त्र शिकवणाऱ्यांना ते दिसले कसे नाहीत? उत्तर शोधायला स्वतंत्र अभ्यास हवा होता. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेने तो हाती घेतला. तिचे सूत्रधार होते कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. मुंबईत कर्व्यांच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ नीरा देसाई यांनी १९७४मध्येच संशोधन विभाग सुरू केला होता. तिथेच १९८१ची पहिली राष्ट्रीय स्त्री-अभ्यास परिषद भरली आणि तिच्यातून पुढच्या वर्षी अभ्यासकांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली. १९८६च्या शैक्षणिक धोरणाने विषयाला अधिकृत जागा दिली. पुणे विद्यापीठातले स्त्री-अभ्यास केंद्र त्यानंतरचे.

पूर्वज मागाहून सापडले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा १८८२चा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध जवळजवळ विस्मरणात गेला होता. स. गं. मालशे यांनी १९७५मध्ये तो पुन्हा छापला आणि नव्या विषयाला मराठीतली पणजी मिळाली. पुढे पुण्यात शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांची आत्मकथने अभ्यासाच्या मध्यभागी आणली. ‘स्त्री’ म्हणून कोणत्या जातीची बाई गृहीत धरली जाते, हा प्रश्न त्यामुळे टाळता येईना.

या विषयाची खरी करामत दिसते ती पुन्हा जनगणनेतच. १९७१च्या गणनेत माणसाचा मुख्य व्यवसाय कोणता, यावर ‘काम करणारा’ ठरत असे. घर सांभाळून शेतात खुरपणी-कापणी करणारी बाई त्यामुळे बहुधा बिनकामाची म्हणून नोंदली जाई. अभ्यासक आणि स्त्री-संघटनांनी यावर बोट ठेवले. १९९१च्या प्रश्नावलीत, घरच्या शेतात किंवा धंद्यात बिनपगारी केलेले कामही धरावे, असे शब्द आले. पुढे वेळेचाही हिशेब झाला. २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत रोजचे बिनपगारी घरकाम शंभर बायकांपैकी ८१ जणी आणि शंभर पुरुषांपैकी २६ जण करताना आढळले. त्यातही हे काम करणाऱ्या बाईचा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे होता, पुरुषाचा ९७.