टेकलंय की सुटलंय? रोमहून हौज खासला आलेला प्रश्न

आजची गोष्ट गणिताची आहे, पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी दिल्लीजवळच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटरवर सुट्या भागांची ताकद तपासायचो. एकदा खोबणीत बसणारा एक भाग तपासला. चित्र सुरेख आलं, सगळीकडे निळं, म्हणजे धोका नाही. प्रत्यक्ष चाचणीत तो भाग तडकला. दोन्ही तुकडे एकमेकांना चिकटलेले आहेत, असं मी कॉम्प्युटरला सांगून मोकळा झालो होतो. त्यामुळे त्याच्या हिशोबात खोबण त्या भागाला ओढून धरत होती. टेकलेली वस्तू ढकलू शकते, ओढू शकत नाही. एवढीच गोष्ट मी विसरलो होतो.

ही गोष्ट गणितात बसवायला माणसाला बराच काळ लागला. 1882 साली हाइनरिख हर्ट्झने दोन गोलसर वस्तू एकमेकींवर दाबल्या तर किती जागेत टेकतात, याचं सूत्र छापलं. गुरुग्रामहून यलो लाइनने हौज खासला येताना तुमच्या डब्याचं सगळं वजन आठ चाकांखालच्या, प्रत्येकी नाण्याएवढ्या, जागांवर असतं. त्याचा पहिला अंदाज आजही हर्ट्झच्या सूत्राने करतात. पण आकार वेडावाकडा असला की ते सूत्र हात टेकतं.

इटलीच्या अंतोनिओ सिन्योरिनीने 1933 साली प्रश्न सरळ मांडला. एक लवचिक वस्तू कडक, गुळगुळीत जमिनीवर ठेवली आहे. तिच्या तळाच्या प्रत्येक बिंदूवर दोनच शक्यता: एकतर फट शून्य आणि जमीन वर ढकलते आहे, नाहीतर फट आहे आणि दाब शून्य. कुठे काय, हे आधी ठाऊक नाही. उत्तर काढायला टेकलेली जागा माहीत हवी, आणि ती जागा उत्तरातूनच कळणार!

घरातलं उदाहरण घ्या. लोणच्याची बरणी काठोकाठ भरून वर दादरा ताणून बांधला. लिंबाच्या फोडी जिथे वर आल्यात तिथे कापड टेकतं, बाकी अधांतरी राहतं. ती सीमारेषा आपण आखत नाही, कापडच ठरवतं. गणितात याला अडथळ्याचा प्रश्न म्हणतात. सिन्योरिनीच्या प्रश्नाचा हा धाकटा भाऊ.

सिन्योरिनीच्या प्रश्नाला उत्तर असतं आणि ते एकच असतं, हे गाएतानो फिकेराने 1963च्या सुरुवातीला सिद्ध केलं. सिन्योरिनी तेव्हा अंथरुणाला खिळले होते. 23 फेब्रुवारीला ते गेले, पण प्रश्न सुटल्याचं त्यांना कळलं होतं. मला या सगळ्या इतिहासात हाच भाग सर्वांत जवळचा वाटतो.

पुढे फ्रान्सच्या जाक-लुई लिओंस आणि इटलीच्या स्ताम्पाक्कियाने समीकरणाऐवजी असमानतेवर उभं राहणारं शास्त्र रचलं. ते भारतात आलं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेमार्फत. संस्थेने बंगळुरूला उपयोजित गणिताचं केंद्र चालवलं, फ्रेंच गणिती व्याख्यानं द्यायला आले, आणि त्या व्याख्यानांच्या टिपणांची पुस्तकं निघाली. 1975 साली सियार्लेचं फायनाइट एलिमेंटवरचं आणि 1980 साली ग्लोविन्स्कीचं, ज्यात हे असमानतेचे प्रश्न कॉम्प्युटरवर सोडवायच्या रीती होत्या.

एक सोपी रीत सांगतो. कापडाचे छोटे त्रिकोण पाडायचे. कोणते कोपरे टेकलेत याची अंदाजे यादी करायची आणि गणित सोडवायचं. जिथे दाब उलटा, म्हणजे ओढणारा, निघाला तो कोपरा यादीतून सोडायचा. जिथे कापड फोडीच्या आत घुसलं तो यादीत घ्यायचा. मग पुन्हा सोडवायचं. यादी बदलायची थांबली की झालं.

पण आलेल्या उत्तरावर भरवसा किती ठेवायचा? साध्या त्रिकोणांचा आकार निम्मा केला की कापडाच्या उतारातली चूक साधारण निम्मी होते. हे 1974 साली फॉकने दाखवलं. अधिक वरच्या दर्जाचे, वर्गीय घटक घेतले तर चूक एरवी चौपट कमी होते. इथे मात्र जेमतेम पावणेतीन पट, कारण टेकणं संपतं त्या रेषेवर कापडाची वक्रता एकदम बदलते. म्हणून त्रिकोण सरसकट बारीक करण्यापेक्षा त्या रेषेजवळ बारीक करावेत. पण रेषा तर माहीत नाही! तेव्हा आलेल्या उत्तरातूनच चूक कुठे दडली आहे, हे शोधावं लागतं.

याच कामाचा एक धागा पवईहून निघतो. आयआयटी मुंबईत नीला नटराज आणि अमिया पाणी यांच्याबरोबर काम केलेले तिरुपती गुडी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेले. तिथे त्यांनी आणि कामना पोरवाल यांनी अडथळ्याच्या प्रश्नातली चूक मोजायची रीत दिली. 2014 साली ती ‘मॅथेमॅटिक्स ऑफ कॉम्प्युटेशन’मध्ये आली. पोरवाल पुढे आयआयटी दिल्लीत, म्हणजे हौज खासलाच, शिकवू लागल्या.

माझा तो तडकलेला भाग मी नंतर घरी पुन्हा सोडवला, या वेळी ‘चिकटवलेलं’ काढून. सहा-सात फेऱ्यांनी यादी थांबली. खोबणीतली निम्मी जागा टेकलेलीच नव्हती, आणि लाल डाग उमटला तो बरोबर तडा गेला होता तिथेच.