ग्राफिक्स कार्ड : पंखा व उष्णता

घरगुती संगणकातील ग्राफिक्स कार्डाचे तापमान पंख्याचा वेग, वीजमर्यादा आणि कॅबिनेटमधील हवेचा प्रवाह यांच्या आधारे आटोक्यात ठेवणे. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड हे तालुके पर्जन्यछायेत येतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी बसवत नाही. कार्डाचे मूळ सेटिंग अशा खोलीला पुरतेच असे नाही.

पंखा कार्डाला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. काम आणि पंख्याचा वेग तोच असेल, तर चिप खोलीपेक्षा साधारण तितक्याच अंशांनी वर राहते : 25° च्या खोलीत 68° असलेले कार्ड 40° च्या खोलीत 83° वर जाते. एनव्हिडियाच्या जीटीएक्स 10 मालिकेतील बहुतेक कार्डांत 83° हीच मूळ तापमानमर्यादा. तिथे पोहोचले की कार्ड आपला वेग आपणच उतरवते. उन्हाळ्यात गेम अडखळू लागतो तो बहुधा यामुळे. त्यासाठी कार्ड पुण्याला नेऊन दाखवण्याची घाई करू नये.

2014 च्या सुमारापासून अनेक कार्डांचे पंखे साधारण 50–60° पर्यंत बंदच असतात. हिवाळ्यात ही शांतता सुखाची. वैशाखात मात्र रिकामे कार्डही या उंबरठ्याशीच घोटाळते. पंखा फिरतो, थांबतो, पुन्हा घरघरतो. एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या सॉफ्टवेअरमधून, कार्ड मुभा देत असेल तर, पंखा किमान 30 टक्क्यांवर सतत चालू ठेवावा आणि तापमान तीन-चार अंश उतरल्याखेरीज वेग कमी होऊ देऊ नये. वीजमर्यादा 80 टक्क्यांवर आणली तर खेळाचा वेग थोडाच घटतो, उष्णता बरीच.

धूळ हा इथला दुसरा शत्रू. नगर रस्त्याकडची धूळ, उसाचे पाचट पेटवल्यावर उडणारी काजळी, सगळे आत ओढले जाते आणि पंख्यामागच्या पात्यांवर नमद्यासारखा थर धरते. बाहेरून तो दिसत नाही. सफाईच्या वेळी वीज बंद करून पंखा बोटाने धरावा. ब्लोअरच्या झोताने तो भरधाव फिरला तर बेअरिंग जाते. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा जवळची खरी, पण तिच्यात पाणी व तेल असते.

कोरड्या हवेत कूलर खोली चांगली गार करतो, पण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नये. बोअरच्या पाण्याचे तुषार आत गेले तर क्षार बोर्डावरच बसतात.